सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला शिस्तीमुळे व्यवसाय सोपा जातो का?

तुमचे वडील पुढच्या वर्षी सैन्यातून निवृत्त होतायत, त्यांना स्वतःचा व्यवसाय काढायचाय, आणि "फौजी शिस्त धंद्यात कामाला येते" हे कितपत खरं आणि त्यांनी कोणता धंदा करावा, असं तुम्ही विचारलंय. शिस्त हा शब्द वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. पहिल्याच वर्षी माझं दिवाळं निघता निघता राहिलं, ते या शिस्तीपायीच.

मी २२ वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली. गाड्या आणि जनरेटर. बाहेर आल्यावर जनरेटर दुरुस्तीचंच काम सुरू केलं, हाताखाली दोन पोरं घेऊन. कामाची भीती नव्हती. डिझेलच्या लाइनने हवा धरली तर अंधारात नुसत्या बोटांनी ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल करायचा आणि हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा छोटा पंप, दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग डिझेल थुंकल्यासारखं तुटक तुटक येतं, सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. हे मी झोपेतही करेन.

तिसऱ्या महिन्यात एका मोठ्या इमारतीच्या मॅनेजरचा रात्री साडेदहाला फोन आला. तीन जनरेटर सेट बंद. "ताबडतोब या, पैशाचं नंतर बघू." आता फौजी डोकं कसं चालतं बघा. मला "ताबडतोब या" एवढंच ऐकू आलं. रात्रभर राबलो. एकात नुसती हवा होती, दुसऱ्याचा एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, उडालेला, तिसऱ्याचा फ्युएल पंप गेलेला. पंप आणि एव्हीआर माझ्याच साठ्यातले टाकले. पहाटे पाचला तिन्ही सेट लोडवर. मॅनेजरसमोर उभा राहिलो आणि, खोटं नाही सांगत, टाचा आपोआप जुळल्या. "काम पूर्ण, सर." तो म्हणाला, "वा!" मी खूश होऊन घरी.

बिल पाठवलं २६ दिवसांनी. कारण २२ वर्षांत मी एकदाही बिल केलं नव्हतं. सुटा भाग हवा तर इंडेंट, म्हणजे मागणीचा फॉर्म, भरायचा, गाडी तयार झाली की बंद गाड्यांच्या, म्हणजे व्हीओआरच्या, यादीतून तिचं नाव खोडायचं, विषय संपला. पगार आपला आपण येतो. मी केलेल्या कामाचे पैसे मीच कुणाकडे तरी मागायचे असतात, ही गोष्टच माहीत नव्हती. बिल पोचलं तोवर मॅनेजर बदलला होता. नव्या मॅनेजरने विचारलं, "पीओ नंबर?" म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरचा नंबर. म्हटलं, तुमचे साहेब स्वतः फोनवर बोलले होते. "कोणते साहेब?" अकरा महिने खेटे घातले. शेवटी सुट्या भागांचे पैसे मिळाले, मजुरी बुडाली ती बुडालीच.

माझा मेहुणा पिढीजात धंद्यातला. घरी सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुम्हाला काम सांगितलं की तुम्ही पळता. धंदेवाला आधी विचारतो, पैसे कोण देणार आणि कधी. तुम्ही आपली सिक्युरिटीची नोकरी धरा." पहिली दोन वाक्यं खरी होती हे कबूल करायला मला चार वर्षं लागली. तिसरं अजून कबूल नाही. फौजी म्हणजे गेटवर उभा करायचा माणूस, हे आपल्या लोकांच्या डोक्यातून जाईल तेव्हा जाईल.

तर शिस्तीचं एवढंच. वेळेवर येणारे, कपडे नीट घालणारे लोक जगात भरपूर आहेत, त्यातले कितीजण धंदा चालवतात? फौजेतून खरं मिळतं ते सामान हाताशी नसताना काम निभावणं. मेलेल्या गाडीचा भाग काढून दुसरी जिवंत करायची. आणि माणसं सांभाळणं. ती दोन पोरं आजही माझ्याकडेच आहेत, यातच आलं सगळं.

लोक फेडेक्स ही कुरियर कंपनी काढणाऱ्या फ्रेड स्मिथचं नाव तोंडावर फेकतात. व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन. कंपनीत चांगल्या कामाच्या शाबासकीला 'ब्राव्हो झूलू' म्हणतात, हा मूळ नौदलाचा संकेत. वाचायला छान वाटतं. पण १९७३ च्या एप्रिलमध्ये पहिल्या रात्री १४ विमानं आणि पार्सलं १८६, म्हणजे विमानामागे तेरा-चौदा! हे सोसायला घरचा वारसा आणि गुंतवणूकदार पाठीशी होते, ते कोणी सांगत नाही. कॅप्टन गोपीनाथांचंही तेच. १९७१ च्या युद्धातले, पण लष्कर सोडून थेट विमानं नाही उडवली. आधी शेती, रेशीम, मग हेलिकॉप्टर, आणि एअर डेक्कन ही विमान कंपनी २००३ मध्ये. मधली वर्षं गाळून गोष्ट सांगितली की ती शिस्तीची गोष्ट वाटते.

मला जवळचा वाटतो तो वॉलमार्ट ही दुकानांची साखळी काढणारा सॅम वॉल्टन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होता. १९४५ मध्ये सुटल्यावर सासऱ्याकडून उसने घेऊन एका छोट्या गावात दुकान घेतलं, पाच वर्षांत नावारूपाला आणलं. पण भाडेकरारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. मालकाने करार वाढवायला नकार दिला आणि चालतं दुकान सोडावं लागलं. वॉलमार्ट त्यानंतर बारा वर्षांनी, १९६२ मध्ये. हे वाचलं तेव्हा मी मुद्दाम मेहुण्याला फोन करून ऐकवलं. म्हणाला, "बघा दाजी, त्यालाही सासरचाच आधार लागला."

वडिलांना सांगा, जे काम हाताला येतं त्यातलंच काढा, आणि त्याआधी सहा महिने अशा माणसाकडे बसा जो बिलं करतो आणि उधारी वसूल करतो. तिथं फुकट राबावं लागलं तरी चालेल. युनिटमधल्या दोस्ताबरोबर भागीदारी करायची तर कागद करूनच, दोस्तीला काही होत नाही. निवृत्तीची सगळी रक्कम पहिल्याच वर्षी जागेत आणि फर्निचरात घालू नका.

हो, एक राहिलं. मला पेन्शन होतं, म्हणून ते अकरा महिने निघाले. पेन्शन नसतं तर मेहुण्याचं तिसरं वाक्यही मुकाट्याने ऐकलं असतं, हे लपवत नाही. आणि माझा अनुभव दुरुस्तीच्या कामाचा, दुकानदारीचं मला काही कळत नाही. कोणता धंदा करावा हे तुम्ही विचारलंय खरं, पण वडिलांना काय येतं ते लिहिलंच नाहीत, तर मी काय सांगणार?

गेल्या महिन्यात मेहुण्याचा जनरेटर बंद पडला. रात्रीच फोन आला, "दाजी, जरा येता का?" गेलो. आधी जॉब कार्ड भरलं, अंदाजे खर्च लिहिला, त्याची सही घेतली, मग पाना काढला. नुसती हवा धरली होती, दहा मिनिटांचं काम. नात्यातली म्हणून सूट मागत होता. दिली नाही.