करिअर मार्गदर्शन : संशोधन करायचंय, पण कशात?

प्रश्न : मी विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र मुख्य विषय, संगणक हा जोडविषय. पुढे संशोधनात जायची इच्छा आहे. मध्यंतरी एका नियतकालिकाचा ई-मेल आला. शिक्षणशास्त्र, संगणक सुरक्षा, जीवरसायनशास्त्र, सौरऊर्जा अशा सगळ्या विषयांवरचे शोधनिबंध ते घेतात आणि शुल्क भरलं की सात दिवसांत छापतात. वर्गातल्या दोघांनी पाठवलेसुद्धा. मला हे चारही विषय थोडेथोडे आवडतात. यातलं कोणतं क्षेत्र घेऊ? आणि आतापासून एखादा पेपर नावावर असावा का? प्रॅक्टिकलमध्ये टायट्रेशनचं रीडिंग जुळलं नाही तर मी घरी गेल्यावरही त्याचाच विचार करत बसते, एवढंच मला माझ्याबद्दल सांगता येईल.

(खाली आईच्या ओळी : मुलगी हुशार आहे. पण संशोधनात किती वर्षं जातील आणि शेवटी हाती काय लागेल, हे कुणी नीट सांगत नाही. तुम्ही सांगाल का?)

उत्तर :

आधी त्या ई-मेलबद्दल बोलू, कारण त्यात तारीख दिलेली असणार आणि ती जवळ आली असणार. काहीही पाठवू नकोस.

एखाद्या प्रथिनावरच्या निबंधातली चूक ज्याला दिसते, त्याला अपूर्णांक कसे शिकवावेत यावरच्या निबंधातली चूक दिसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक निबंध त्या-त्या विषयातल्या माणसांकडे तपासायला जातो. ते शंका काढतात, लेखक उत्तरं देतो, कधीकधी प्रयोग पुन्हा करावा लागतो. यात आठवडे नव्हे, बहुतेक वेळा महिने जातात. सात दिवसांत छापतो म्हणणाऱ्याने हे सगळं गाळलेलं असतं. 2013 साली जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकाराने मुद्दाम चुका पेरलेला एक बनावट निबंध शुल्क घेणाऱ्या 304 मुक्त (कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या) नियतकालिकांना पाठवला होता. दगडफुलातल्या एका रेणूमुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा त्यातला दावा. औषध दिलेल्या पेशींना अल्कोहोलही मिळालं होतं आणि तुलनेच्या पेशींना ते दिलंच नव्हतं. मग पेशी औषधाने मेल्या की अल्कोहोलने? तुझ्या वर्गातला कुणीही हे विचारेल. तरी 157 नियतकालिकांनी तो निबंध स्वीकारला.

मात्र यावरून अनेक विषय छापणारं प्रत्येक नियतकालिक खोटं, असं समजू नकोस. ‘नेचर’ 1869 पासून विज्ञानाच्या सगळ्या शाखा छापतं, पण तिथे प्रत्येक शाखेचे जाणकार संपादक वेगळे असतात. शुल्क घेणं हाही गुन्हा नाही, चांगली मुक्त नियतकालिकंही घेतात. तू एवढं बघ : संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयात काम करतात का, आणि स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर ती या नियतकालिकाचा उल्लेख करतात का. नीट न तपासता छापलेला निबंध पुढे नावाला चिकटून राहतो. तोच पुन्हा चांगल्या ठिकाणी देता येत नाही, मागे घेणं अवघड जातं, आणि पीएचडीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. पदवीच्या वर्षात नावावर पेपर नसला तर काही बिघडत नाही. एखाद्या प्रकल्पाची, स्वतःच्या हाताने केलेल्या प्रयोगांची पंचवीस पानी प्रामाणिक वही असली तर मुलाखत घेणारे ती आवडीने चाळतात. मी त्यांना चाळताना पाहिलं आहे.

आता मुख्य प्रश्न. तुझी यादी त्या ई-मेलमधून आली आहे आणि त्यात हे चार विषय एका ओळीत बसलेत, म्हणून ते तुला एकाच प्रकारचे वाटताहेत. तसे ते नाहीत. ‘हे खरं ठरलं’ असं म्हणायची पद्धत चारही ठिकाणी वेगळी आहे, आणि तिथवर पोचायला दिवसभर जे काम करावं लागतं तेही वेगळं आहे. निवड त्या कामाची करायची असते.

जीवरसायनावर जरा जास्त बोलते, कारण मार्गदर्शनात येण्याआधी मी तिथेच होते. एक प्रथिन शुद्ध करत होते. ते कॉलमला, म्हणजे प्रथिनं वेगळी करायच्या नळीतल्या कणांना, कधी छान चिकटायचं, कधी नुसतं वाहून जायचं. मीठ तपासलं, कॉलम बदलला, नवे द्रव बनवले. सात आठवडे गेले. एका संध्याकाळी वही उघडून तारखा लावत बसले तेव्हा दिसलं की शीतकक्षात काम केलेल्या दिवशी ते चिकटतं आणि बाहेर टेबलावर केलं की वाहून जातं. पीएच मीटर उचलून थंडीत नेला. आमचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ट्रिस नावाच्या रसायनाचा होता. ट्रिसचं तापमान एका अंशाने उतरलं की पीएच साधारण 0.03 ने चढतो. 25 अंशांवर बरोबर 8 ला लावलेला बफर 4 अंशांवर 8.6 झाला होता. प्रथिनावरचा विद्युतभार तेवढ्याने बदलत होता आणि माझं प्रथिन नेमकं त्या काठावर बसलं होतं. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका ओळीत दिलेली आहे. ती ओळ मला कळायला सात आठवडे लागले, आणि त्या संध्याकाळी मी जितकी आनंदात होते तितकी नंतर फार कमी वेळा झाले.

जीवरसायनाचा दिवस असा जातो. बर्फाच्या डब्यात नळ्या, हातात पिपेट, आणि प्रत्येक प्रयोगाशेजारी त्याचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग. यश यायला वेळ लागतो. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी आरएनएमधला एक घटक बदलून शरीराची प्रतिक्रिया शमवता येते हे 2005 साली दाखवलं. त्यावर कोविडच्या लशी उभ्या राहिल्या आणि नोबेल 2023 साली मिळालं. मधल्या बऱ्याच वर्षांत त्या कामाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

तुझा संगणक इथे वाया जाणार नाही. प्रथिनाच्या घडणीचा अंदाज संगणकाने बांधल्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. दुसरा अर्धा नवी प्रथिनं रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना. पण तो संगणक शिकला कशावर? लॅबमध्ये एकेक करून उलगडलेल्या रचनांवर. त्या साठवणारी प्रथिनांची जागतिक माहितीपेढी 1971 साली फक्त सात रचनांनी सुरू झाली होती. तेव्हा प्रयोग समजणारी आणि प्रोग्रॅमिंगही जमणारी मुलगी अशा गटांना हवीच असते.

सौरऊर्जेत तुझं रसायनशास्त्र थेट कामाला येतं. प्रकाशाने वीज निर्माण होते हे बेकेरेलने 1839 मध्ये पाहिलं, सिलिकॉनचा उपयोगी सौर सेल 1954 साली बेल लॅब्जमध्ये तयार झाला, सुमारे 6 टक्के कार्यक्षमतेचा. एकाच पदार्थाच्या साध्या सेलच्या कार्यक्षमतेला सैद्धांतिक मर्यादा आहे, हे 1961 मध्ये शॉकली आणि क्वीसर यांनी गणिताने दाखवलं; आज ती साधारण 33 टक्के धरतात. आज तरुण मुलं मोठ्या संख्येने पेरोव्हस्काइटवर, म्हणजे एका विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांवर, काम करतात. 2009 साली हा सेल 3.8 टक्क्यांवर होता, आता तो 26 च्या पुढे गेला आहे. काचेच्या छोट्या तुकड्यावर थेंब टाकायचा, तो गरगर फिरवायचा, तापत्या प्लेटवर ठेवायचा. फिकट पिवळा थर डोळ्यांदेखत गडद तपकिरी होतो. पहिल्यांदा पाहशील तेव्हा हरखून जाशील. पण एका तुकड्यावरच्या सहा सेलपैकी एक उत्तम चालतो आणि दोन चालतच नाहीत, हेही रोजचंच. व्होल्टेज चढवत मोजलं तर एक आकडा, उतरवत मोजलं तर दुसरा. कोणता लिहायचा? चांगल्या गटात दोन्ही लिहितात आणि सहाही सेलची सरासरी देतात. ज्या गटात फक्त सर्वोत्तम आकडा भिंतीवर लावलेला असतो, तिथे जाण्याआधी चार प्रश्न विचार. खरी अडचण टिकाऊपणाची आहे : ओलावा आणि उष्णता. पॅनेल 85 अंश तापमानात, 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास ठेवून तपासतात. त्यातून सुखरूप बाहेर येणारा थर बनवणं हे पुरतं रसायनशास्त्राचं काम आहे.

संगणक सुरक्षेत समोर निसर्ग नसतो, माणूस असतो. तू भिंत बांधायची आणि दुसऱ्याने ती फोडायची. दोघांचं काम संशोधनच. क्वांटम संगणकालाही न फुटणाऱ्या कूटलेखनाच्या (माहिती गुप्त ठेवायच्या गणिती पद्धतींच्या) निवडीत ‘साइक’ नावाची एक पद्धत अनेक वर्षांच्या छाननीतून पुढच्या फेरीत पोचली होती. 2022 मध्ये दोन संशोधकांनी 1997 सालच्या शुद्ध गणितातल्या एका प्रमेयाच्या आधाराने ती तासाभरात फोडली, साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर. ज्यांनी ती रचली होती त्यांची काही वर्षं त्या तासात गेली, आणि तरी क्षेत्र पुढे गेलं. हे सोसण्याची तयारी लागते. इथे नियतकालिकांपेक्षा परिषदांना मान आहे आणि त्यांच्या तारखांवर सगळं वर्ष चालतं. शिस्त एकच, पण कडक : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेला हात लावायचा नाही, आणि सापडलेली भेग आधी बनवणाऱ्याला कळवायची. प्रोसेसरमधले ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष 2018 च्या जानेवारीत जगाला कळले, त्याआधी कित्येक महिने संशोधक त्यावर गप्प होते. या वाटेला जायचं असेल तर गणित आणि संगणकाची रचना तुला जवळजवळ मुळापासून शिकावी लागेल. अशक्य नाही, पण वर्ष-दोन वर्षं धरून चाल.

शिक्षणशास्त्र तू यादीत पहिलं लिहिलंस आणि पुढे त्याबद्दल एक शब्दही नाही. बहुतेकांचं असंच होतं. ते सोपं वाटतं. माझ्या मते पुरावा मिळवणं चारांत सर्वांत कठीण इथेच आहे, कारण तेच मूल दोन वेगळ्या वर्गांत एकाच वेळी बसवता येत नाही. केनियातल्या ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन केलेल्या एका प्रयोगात सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि ती बऱ्याच मुलांची तिसरी भाषा होती. पुस्तक दिलं की शिकणं वाढणार, हे कुणालाही पटलं असतं, म्हणूनच मोजून पाहावं लागलं. अशा प्रयोगांच्या पद्धतीसाठी मायकेल क्रेमर, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इथला दिवस पालकांच्या संमतीपत्रांत, गैरहजर मुलांच्या याद्यांत आणि तासन्‌तास मुलाखती उतरवून काढण्यात जातो. दोन वर्षं शिकवून मग इकडे आलीस तर तुझे प्रश्न जास्त धारदार असतील. आत्ता नको.

माझा कल सांगते. टायट्रेशनची ती ओळ मला तुझ्या बाकी सगळ्या पत्रापेक्षा मोलाची वाटली. न जुळणारं रीडिंग जिला घरीही सोडत नाही, तिने हाताने प्रयोग करायचं क्षेत्र घ्यावं. म्हणजे जीवरसायन किंवा सौरऊर्जेतलं पदार्थविज्ञान, आणि संगणक हे दोन्हीकडे हत्यार. पण माझ्या सांगण्यावर ठरवू नकोस. चारही विषयांतला एकेक निबंध मोफत मिळतो तो उतरवून घे. प्रस्तावना आणि निष्कर्ष सोडून दे. फक्त ‘पद्धती’ हा भाग वाच, शब्दकोश घेऊन, सावकाश. कंटाळा कुठे आला आणि ‘हे असं का केलं असेल?’ असं कुठे वाटलं, ते समासात लिही. मग ज्या विषयात प्रश्न जास्त पडले, त्यातल्या दोन-तीन गटांना सुट्टीतल्या कामासाठी लिही. आठ ओळी पुरेत, पण त्यातल्या दोन त्यांच्याच निबंधातल्या तुझ्या प्रश्नाबद्दल असू देत. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो.

ताई, आता तुमच्यासाठी. पदव्युत्तर शिक्षणाची वर्षं वगळता पीएचडीला साधारण चार ते सहा वर्षं लागतात, काही देशांत तीन-चार. विज्ञानात आणि संगणकात या काळात बहुधा विद्यावेतन मिळतं, शिक्षणशास्त्रात बरेच जण नोकरी सांभाळून करतात. प्रवेशाआधी लेखी विचारावं : वेतन किती वर्षांचं पक्कं आहे, आणि काम लांबलं तर पुढे काय. विद्यापीठातल्या कायम जागा पीएचडी होणाऱ्यांच्या मानाने जगभर कमी आहेत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. जीवरसायनात त्याआधी आणखी काही वर्षं हंगामी संशोधक म्हणून काढावी लागतात. पण औषधनिर्मिती, निदान चाचण्या, सौर पॅनेलची गुणवत्ता तपासणी, सुरक्षा तपासनीस अशी कामं विद्यापीठाबाहेर आहेत आणि तिथे हे शिक्षण चालतं. मुलीने मध्येच थांबायचं ठरवलं तर घरात त्याला हार म्हणू नका, एवढी माझी विनंती आहे.

आणि विषयापेक्षाही गाइड कोण, यावर ती वर्षं कशी जातील हे ठरतं. गाइडला भेटण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटा. किती जण वेळेत संपवून बाहेर पडले, किती सोडून गेले, आणि सोडून गेलेले आज त्या गटाबद्दल काय बोलतात? विद्यार्थी एकटे असताना विचारा.

परीक्षा आटोपली की मला कळव, बाळा, चारपैकी कोणत्या निबंधाचा ‘पद्धती’ भाग तू कुणी न सांगता दुसऱ्यांदा उघडलास. समासातल्या नोंदींचे फोटोही पाठव. पुढचं त्यावरून बोलू.