जारबाहेरची (जावा प्रोग्रामच्या पॅकेजबाहेरची) कॉन्फिग फाइल जेयुनिट टेस्टमध्ये कशी लोड करायची?

तुम्ही म्हणता, फाइल टेस्टच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये ठेवली तरी फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन येतं, आणि सहकारी सांगतो की सरळ पूर्ण पाथ टाकून मोकळे व्हा. 'न्यू फाइल' क्लासपाथवर, म्हणजे जावा जिथे क्लास आणि रिसोर्सेस शोधते त्या यादीत, बघतच नाही. नुसतं फाइलचं नाव दिलंत तर जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) ज्या डिरेक्टरीतून सुरू झालं तिथे बघतं. क्लासपाथवरची फाइल 'गेटरिसोर्सॲझस्ट्रीम'ने उघडा. झालं. आता त्या सहकाऱ्याकडे वळतो.

आमच्या टीम लीडचंही हेच मत होतं. सेटिंग्ज वाचणाऱ्या क्लासमध्ये पूर्ण पाथ ठोकलेला. नवीन माणूस आला की आधी आपल्या मशीनवर त्याच नावाचं फोल्डर बनवायचा. मी म्हणायचो, कन्स्ट्रक्टरमध्ये पाथ घेऊ या. त्यावर ठरलेलं उत्तर: "टेस्टसाठी मूळ कोडला हात लावायचा नाही."

बिल्ड सर्व्हरवर मात्र सगळं हिरवंगार. कारण त्याच मशीनवर स्टेजिंगचं, म्हणजे प्रॉडक्शनआधी टेस्टर जिथे तपासतात ते, ॲप्लिकेशन चालायचं आणि त्याची खरीखुरी कॉन्फिग फाइल नेमकी त्याच पाथवर होती. आमच्या टेस्ट थेट स्टेजिंगच्या डेटाबेसला जोडल्या जायच्या, आणि टेस्टनंतरची टेबलांची साफसफाईही तिथेच व्हायची! टेस्टर विचारायचे, काल भरलेल्या नोंदी गेल्या कुठे? आधी डेटाबेसवाल्यांवर संशय, मग नेटवर्कवर, मग खुद्द टेस्टरवरच. शेवटी मी कनेक्शनची यूआरएल लॉगमध्ये छापून मीटिंगमध्ये दाखवली. लीड म्हणाले, "मग ती साफसफाई बंद करा."

तेव्हा पाथ बाहेरून घ्या. जेयुनिट ५.४ पासून 'टेम्पडिर' ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) आहे; ते टेस्टला तात्पुरतं फोल्डर देतं. त्या तात्पुरत्या फोल्डरात टेस्ट स्वतःच दोन ओळींची फाइल लिहिते, तिचा पाथ कन्स्ट्रक्टरला देते, आणि टेस्ट संपली की फोल्डर पुसलं जातं. फाइलच नाही, एखादी 'की' (सेटिंगचं नाव) गाळली आहे, आकड्याच्या जागी अक्षरं आहेत, हे सगळं असंच तपासता येतं. ठोकलेल्या पाथवर हे कसं तपासायचं, ते लीडनी मला कधीच सांगितलं नाही. टेस्ट करता येत नाही असा क्लास मुळातच वाईट लिहिलेला असतो, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे 'टेस्टसाठी कोड बदलणं' नव्हे.

स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर 'स्प्रिंग.कॉन्फिग.लोकेशन' हे सेटिंग कॉन्फिग शोधायच्या नेहमीच्या जागा बाद करतं, 'स्प्रिंग.कॉन्फिग.ॲडिशनल-लोकेशन' त्यांत भर घालतं. टेस्ट रिसोर्सेसमधली त्याच नावाची ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीज मूळ फाइलमध्ये मिसळत नाही, तिला झाकून टाकते. यात बरेच जण फसतात.

कोड अगदीच जुना असेल तर पाथ सिस्टम प्रॉपर्टीतून (जेव्हीएमला बाहेरून देता येणाऱ्या सेटिंगमधून) वाचा आणि ती मेव्हन या बिल्ड टूलच्या, टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनमधून द्या. टेस्टच्या आत 'सेटप्रॉपर्टी' केलंत तर ती किंमत त्याच जेव्हीएममधल्या पुढच्या टेस्टनाही चिकटते.

आणि हो, प्रॉडक्शनला जाणारी फाइल उघडून सगळ्या की जागेवर आहेत का एवढंच बघणारी एक टेस्ट ठेवायला माझी हरकत नाही. फक्त तिने कुठल्याही डेटाबेसला जोडायचं नाही.