मधलं बोट दाखवायची प्रथा खरंच इंग्रज तिरंदाजांपासून सुरू झाली का?

नाही. माझा मुंबईकर चुलतभाऊ दर शिमग्याला मांडावर, म्हणजे गाव जमतो त्या जागी, बसून हीच थाप मारतो, म्हणून लिहायला घेतलं.

थाप अशी: 1415 साली अ‍ॅजिन्कोर्टच्या लढाईत फ्रेंच म्हणे इंग्रज तिरंदाजांची बोटं छाटणार होते, आणि जिंकल्यावर तिरंदाजांनी तीच बोटं त्यांना नाचवून दाखवली. छाटायच्या धमकीचा उल्लेख त्या काळच्या एका बखरीत आहे, तोही इंग्रज राजाच्या तोंडी आणि तीन बोटांचा. नाचवल्याचा कुठेच नाही. मधल्या बोटावर तर ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने इ.स.पू. 5व्या शतकात विनोद केलाय. रोमन त्याला 'निर्लज्ज बोट'च म्हणायचे. त्या बोटाचा आकार बघा, लढाई कशाला हवी समजायला?

याच भावाला आपली बोंब मात्र गावठी वाटते. पालथा हात तोंडावर आपटून मारलेली बोंब! मी नऊ वर्षांचा असताना शिमगा सरून दोन दिवस झाले होते. हा म्हणाला, "जा, काकांच्या खळ्यात जाऊन बोंब मार, काय नाय करत." मी मारली, नाव घेऊन. काका फोक घेऊनच बाहेर आले. "शिमगो सरलो रे, आता कसली बोंब मारतंस?" पोटऱ्यांवर वळ उठले. चार दिवसांपूर्वी त्याच खळ्यात, त्याच बोंबेला, त्याच काकांनी शबय, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, म्हणून चार आणे दिले होते! हात तोच, तोंड तेच. फक्त होळी विझली होती.

तेव्हा कुठल्या खुणेचा राग येतो ते कधी, कुठे आणि कोणासमोर केली त्यावर. ठेंगा आपल्याकडे पोरंसुद्धा दाखवतात, मधलं बोट हायवेवर दाखवलंत तर समोरचा गाडी आडवी घालेल. आमचे हे साहेब दाखवतात, आणि वर बोंबेला नावं ठेवतात.

एक राहिलं. ती तिरंदाजांची थाप मुळात इंग्रजांच्या दोन बोटांबद्दल आहे, पंजाची मागची बाजू समोर करून दाखवतात त्या. त्या खुणेचा जुना पक्का पुरावा 1901 सालच्या, इंग्लंडातल्या रॉदरहॅमच्या एका कारखान्याच्या फाटकावरच्या चित्रफितीत आहे. भाऊ मधल्या बोटाला चिकटवतो, म्हणजे थापही धड मारत नाही.

आणि मला फोक बसत होता तेव्हा तो फणसाच्या मागे उभा होता. अजून नाही म्हणतो.