जिवलग मैत्रीण गेली आणि घरचे विचारतात, "सख्खी होती का?" लहान मुलं सांभाळत मी स्वतःला कसं सावरू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मैत्रीण जाऊन चार महिने झाले, पदरात दोन लहान मुलं आहेत, सासूबाई म्हणतात "बहीण असती तर समजलं असतं", धाकटा रोज विचारतो की मावशी कधी येणार, आणि तिचा नंबर फोनमधून काढावा की ठेवावा हे तुमचं ठरत नाहीये. मी नाशिकला सिडकोत राहते. माझी मैत्रीण अशीच गेली, स्तनाच्या कॅन्सरने. त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हा "सख्खी होती का" हा प्रश्न मीही ऐकलाय, म्हणून तुमचं वाचून गप्प बसवेना.

घरातलं माणूस गेलं की निदान दहा-तेरा दिवस आपले असतात. लोक भेटायला येतात, शेजारच्या पिठलं-भाकरी आणून देतात, चूल पेटवायची नसते. रडलं तर कुणी "का रडतेस" म्हणत नाही. मैत्रीण गेली की त्याच संध्याकाळी कुकर लावायचा असतो आणि सकाळी डबे भरायचे असतात. तुमचं दुःख अजून तसंच्या तसं आहे यात तुमचं काही कमी पडलेलं नाही. त्याला उतरायला जागाच मिळालेली नाही. अमेरिकेतल्या केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये हेच मांडलं होतं: ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान देत नाही, ते सोसायला जास्त जड जातं. मित्र-मैत्रिणीचं जाणं त्यातच येतं.

आणि सख्खं म्हणजे तरी काय हो? सिडकोच्या घरांच्या सहा योजना इथे उभ्या राहिल्या त्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या जोरावर. आमच्या गल्लीत कुणी जळगावची, कुणी धुळ्याची, कुणी येवल्याची. सगळ्यांचं माहेर लांब आणि नवरे शिफ्टला. सेकंड शिफ्टचा माणूस घरी येईपर्यंत मध्यरात्र होते. तोवर मूल तापाने फणफणलं तर दार कुणाचं वाजवायचं? माझ्या मोठ्याला आकडी आली तेव्हा माझ्या या मैत्रिणीने त्याला उचललं आणि अनवाणी त्रिमूर्ती चौकापर्यंत रिक्षा शोधत धावली. माझे सख्खे लोक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. मी त्यांना दोष देत नाही, एसटीने यायचं होतं त्यांना. पण त्या रात्री माझं कोण होतं हे मला पक्कं माहीत आहे. तुमच्याकडेही अशी एखादी रात्र असेल. सासूबाई पुन्हा म्हणतील तेव्हा वाद घालू नका, ती रात्र त्यांना सांगा. माझ्या नवऱ्याला मी तशीच सांगितली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही, पण नंतर त्याने कधी "आता पुरे" म्हटलं नाही.

आता सावरायचं कसं. "मन रमवा, वाचन करा" हे तुम्हाला सगळ्यांनी सांगून झालं असेल. मला ज्याने खरोखर हात दिला ते वेगळंच होतं: तिच्या घराशी माझं नातं मी तुटू दिलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून वाळवणं करायचो. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, चोथा पिळून, चीक रात्रभर खाली बसू द्यायचा. पहाटे वरचं आंबूस पाणी ओतून द्यायचं आणि मिठाचं आधण ठेवायचं. इथून पुढे ते एकटीचं काम राहत नाही. एकीने चीक बारीक धारेने सोडायचा, दुसरीने हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. तिच्या मनगटात जोर, म्हणून हाटायचं तिच्याकडे आणि धार माझ्याकडे. ऊन चढायच्या आत गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घालून झालेल्या असायच्या, आणि खाली चारही मुलं वाटीत गरम चीक, त्यावर तूप-साखर घेऊन बसलेली.

ती गेली त्या उन्हाळ्यात मी गहू आणलेच नाहीत. पुढच्या वर्षी तिची मुलगी आपणहून आली. म्हणाली, "काकू, आईसारख्या कुरडया करू या का?" हाटायला ती बसली. मध्येच तिचा हात भरून आला, चिकात गुठळ्या झाल्या. ती म्हणाली, "आई असती तर ओरडली असती." खरंच ओरडली असती! आम्ही दोघी पातेल्यावर वाकून हसलो, मग रडलो, आणि चीक करपू नये म्हणून रडता रडता हाटत राहिलो. त्या सकाळी तिच्या आईबद्दल आम्ही जेवढं बोललो तेवढं आजारपणातही बोललो नव्हतो. त्या पोरीलाही घरात कुणी आईचं नाव काढू देत नव्हतं, बापाला त्रास होतो म्हणून.

म्हणून सांगते, तुम्ही दोघी मिळून जे करत होता त्यातलं एक काम धरून ठेवा. मोठं काही नको. पवननगरच्या बाजारातून भाजी आणणं असेल, नवरात्रात पहाटे कालिका देवीच्या देवळात चालत जाणं असेल. ते तिच्या घरातल्या कुणाबरोबर तरी करा. मुलगी नसेल तर तिची आई असेल, जाऊ असेल. त्यांनाही तिच्याबद्दल बोलायला माणूस हवं असतं आणि घरातल्या घरात तोंड उघडत नाही.

सासूबाई जुन्या वळणाच्या असतील तर दोन गोष्टी त्यांच्या कानावर घालाच. पितृपक्षात रामकुंडावर तर्पण चाललेलं असतं तेव्हा गुरुजी एक श्लोक म्हणवून घेतात. त्याचा अर्थ असा, की जे माझे बांधव होते, जे बांधव नव्हते, जे दुसऱ्या कुठल्या जन्मी बांधव होते, ते सगळे या पाण्याने तृप्त होवोत. म्हणजे रक्ताचं नातं नसलेल्यासाठीही ओंजळभर पाणी आपल्या रीतीतच आहे. परक्यासाठी कसलं दुःख, असं आपलं शास्त्र म्हणत नाही.

दुसरी गोष्ट अविधवा नवमीची. माझी मैत्रीण सवाष्ण गेली. भाद्रपद वद्य नवमीला अशा बाईचं श्राद्ध करतात आणि एका सवाष्णीला जेवायला बोलावून तिची ओटी भरतात. वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या पितृपक्षात तिच्या सासूबाईंचा फोन आला. "नवमीला तू ये. तुझ्याशिवाय कुणाला बसवू मी तिच्या पाटावर?" मी गेले. ताटात तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी, सगळं रीतीप्रमाणे. आणि ताटाच्या बाहेर एका वाटीत चिवडा. श्राद्धाच्या पानात चिवडा बसत नाही हे त्या माउलीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण सून चहाबरोबर रोज मूठभर खायची. ओटी भरताना त्यांचा हात इतका कापत होता की निम्मे तांदूळ माझ्या मांडीवरून खाली सांडले. मी ते एकेक वेचत बसले आणि तिथेच हुंदका फुटला. तिच्या नवऱ्यासमोर, दिरांसमोर, सगळ्यांसमोर. तू कोण लागतेस असं त्या घरात कुणी विचारलं नाही. तेव्हापासून दरवर्षी त्या पाटावर मीच बसते.

तुमच्याकडे ही रीत नसेल, किंवा मैत्रीण दुसऱ्या धर्माची असेल, तर त्यांच्यात तिच्या नावाने जे करत असतील त्यात सामील करून घ्या असं स्पष्ट सांगा. त्यांनी बोलवायची वाट बघू नका. त्यांच्या मनात येतं, पण परक्या बाईला कशाला त्रास, म्हणून राहून जातं.

मुलांचं सांगते. धाकट्याला "मावशी गावाला गेली" किंवा "झोपली" असं काही सांगू नका. लहान मूल शब्दाला धरून चालतं. गावाला गेली म्हटलं की ते वाट बघतं, झोपली म्हटलं की स्वतः झोपायला घाबरतं. "मावशी वारली. तिचं शरीर बंद पडलं, तिला आता दुखत नाही, आणि ती परत येणार नाही," इतकंच, त्याला कळेल अशा भाषेत. पाच-सहा वर्षांपर्यंत मरण कायमचं असतं हे मुलांच्या पूर्ण ध्यानात येत नाही, त्यामुळे तो उद्या पुन्हा विचारेल. पुन्हा तेच सांगा, न चिडता. आत्ता रडेल आणि पुढच्या मिनिटाला बॉल घेऊन पळेल. त्याचं दुःख कमी आहे असं समजू नका, मुलं अशीच थोडंथोडं करून सोसतात. आणि त्यांच्यापासून लपून बाथरूममध्ये रडू नका. आईचे डोळे लाल का हे त्यांना दिसतंच, आणि सांगितलं नाही तर आई आपल्यामुळे रडते असं पोरांना वाटतं. "मला मावशीची आठवण आली" म्हणा. माझा धाकटा त्यावर पाण्याचा ग्लास आणून द्यायचा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तुमच्याही मनात असणार. आपल्याच वयाची बाई गेली की रात्री छातीत धस्स होतं, मला काही झालं तर या दोघांचं काय? या भीतीवर देवाचं नाव घ्याच, पण तपासणीही करून घ्या. माझ्या मैत्रिणीची गाठ दुखत नव्हती म्हणून तिने ती अंगावर काढली, आणि ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. काखेत किंवा स्तनात गाठ, त्वचेला खळी, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तिशीच्या पुढच्या बायकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करण्याची योजना आहे, तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. एवढं साधं काम आहे हो ते. मी आता गल्लीतल्या बायकांना घेऊन जाते. कुणी लाजली तर माझ्या मैत्रिणीचं नाव सांगते, आणि मग येतात.

चार महिन्यांत रडू येणं, भाजीत मीठ विसरणं, तिच्या घरावरून जाताना पाय अडखळणं, हे सगळं होणारच. पण सहा महिने उलटून गेल्यावरही रोजची कामं होत नसतील, जेवण-झोप गेली असेल, मुलांकडे बघवत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. इतकं लांबलेलं आणि माणसाला जखडून टाकणारं दुःख हा आता वैद्यकशास्त्रातही उपचाराचा विषय मानला जातो, त्यात लाज कसली? आणि मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने नाही, सहा तासही थांबू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

राहिला मैत्रिणीचा नंबर. काढू नका, पण त्यावर मेसेज पाठवत राहिलात तर एक लक्षात ठेवा. बंद पडलेला नंबर कंपनी कमीत कमी नव्वद दिवसांनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. तुमचे तर चार महिने झालेत. एखाद्या दिवशी तिच्या नावापुढे अनोळखी माणसाचा फोटो दिसला तर जीव गोळा होतो, मी त्यातून गेलेय. त्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या चॅटमध्ये जाऊन एक्स्पोर्ट चॅट करा, मीडियासकट, आणि ती फाईल स्वतःच्या ईमेलवर पाठवा. एक्स्पोर्टमध्ये जुना मीडिया सगळाच येतो असं नाही, म्हणून तिच्या आवाजातले मेसेज एकेक करून वेगळे सेव्ह करा. "भाजी आणलीस का गं, येताना कोथिंबीर आण" असले मेसेज आधी घ्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा नंतर. स्वतःला जमत नसेल तर नवऱ्याला सांगा, पण फोन बदलायच्या आधी, या रविवारीच करून टाका.