घाट उतरताना इंजिन टकटकतं: व्हॉल्व्हला जड स्प्रिंग आणि शिम टाकावी का?

शिम, म्हणजे स्प्रिंगखाली बसणारी पातळ चकती, टाका, पण मोजून. तुमचा मिस्त्री म्हणतोय तशा जड स्प्रिंगा आणि प्रत्येकीखाली दोन-दोन शिम सरसकट टाकू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी टाटाचा १६१३ ट्रक आहे, इंजिन सहा सिलिंडरचं ५.९ लिटर सिक्स बीटी. हेडचं (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या झाकणाचं) काम झालं आणि तेव्हापासून पिंपळगावहून कांदा भरून मुंबईला जाताना कसारा घाटात एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) लावला की वरून टकटक येते, खाली पोहोचेपर्यंत इंजिन मध्येच मिस मारतं. मी नाशिकला आडगाव नाक्याकडे बरीच वर्षं हेडचीच कामं करतो. तुमच्या प्रश्नातलं 'हेडचं काम झालं आणि तेव्हापासून' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

हेडच्या कामात सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा, कापतात. सीट कापली की व्हॉल्व्ह तेवढा आत बसतो आणि त्याची दांडी दुसऱ्या बाजूला तेवढीच वर निघते. दांडीच्या टोकाला स्प्रिंगचा कप असतो, तोही वर जातो. म्हणजे स्प्रिंगला बसायला जागा जास्त मिळाली, ती कमी दबली आणि सैल पडली. स्प्रिंग कोरी करकरीत असली तरी हेच होणार. ही वाढलेली जागा भरून काढणं हे शिमचं मूळ काम. तिच्यामुळे स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त सुरुवातीचा दाब वाढतो. दर मिलिमीटरला ३ किलो घेणारी स्प्रिंग असेल, तर एक मिलिमीटर शिमने ३ किलो वाढतील.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. द्राक्षाच्या सीझनमध्ये एक गाडी आली होती, सीट दुसऱ्या वर्कशॉपमधून कापून आलेल्या. घाई होती म्हणून मी न मोजता नव्या बारा स्प्रिंगा चढवल्या. आठ दिवसांत गाडी तीच टकटक घेऊन परत दारात. उघडून मोजलं तर सहा नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटर आत बसलेला. मालकाच्या दोन खेपा बुडाल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता घाटातच का? सपाटीवर इंजिन चाकं फिरवतं, उतारावर चाकं इंजिन फिरवतात. वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, पण मागून २५ क्विंटल असो की दहा टन, ढकलणारं वजन त्याच्या हातात नसतं. आरपीएम २५०० वरून ३००० वर गेले तर वाढ २० टक्के, पण व्हॉल्व्हला कॅमबरोबर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याबरोबर) परत आणायला लागणारा जोर ४४ टक्के वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. सैल स्प्रिंगला ते झेपत नाही. व्हॉल्व्ह उशिरा बसतो आणि आपटून बसतो.

त्यात एक्झॉस्ट ब्रेक. त्याची झडप बंद झाली की मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो. जो सिलिंडर त्या वेळी सक्शनवर असतो, त्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला हा दाब मागून उघडायला बघतो. समजा व्हॉल्व्हचं डोकं ४० मिलिमीटरचं आहे आणि दाब ३ बार. मग त्याच्यावर साधारण ३८ किलो येतात. तेवढं धरून ठेवणारी फक्त स्प्रिंग. म्हणून ब्रेक जोरकस असलेल्या गाडीला जड स्प्रिंग टाकणं ही पद्धत खरी आहे, तुमचा मिस्त्री काही उगाच बोलत नाही. त्याने अजून मोजलेलं नाही, एवढंच.

मोजायला हेड उतरवायची गरज नाही. या इंजिनात १-६, २-५ आणि ३-४ पिस्टन जोडीने वर येतात. जोडी अगदी वर आणा, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह आत पडत नाही, पिस्टनवर टेकून राहतो. चाकांना लाकडी ठोकळ्यांची ओट लावा आणि स्प्रिंग काढलेली असताना इंजिन कुणालाही फिरवू देऊ नका. पुशरॉडची भोकं आणि तेल उतरायच्या वाटा स्वच्छ फडक्याने बुजवा. कप दांडीला अडकवणारे लॉक नखाएवढे असतात, एक जरी आत गेला तरी खालचा तेलाचा चेंबर उघडायची वेळ येते. मी ते चुंबकाच्या कांडीनेच उचलतो.

मग स्प्रिंग न घालता कप आणि लॉक बसवा, व्हॉल्व्ह हाताने वर ओढून सीटला टेकवा आणि हेडच्या खाचेपासून कपाच्या खालच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजा. बाराही मापं वहीत लिहा. मॅन्युअलच्या मापापेक्षा जेवढी उंची जास्त, तेवढीच शिम त्या व्हॉल्व्हला. एखाद्याला अर्धा मिलिमीटर लागेल, एखाद्याला काहीच नाही. व्हॉल्व्ह मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा आत गेला असेल तर शिम हा इलाज नाही, नवी सीट टाका.

काढलेल्या स्प्रिंगा काचेवर गुण्याला लावून फिरवून बघा. तिरकी दिसली की बाद. जोर बघायचा तर ड्रिल मशिन बंद ठेवून त्याखाली वजनकाटा ठेवा, काट्यावर स्प्रिंग उभी करा आणि दांड्याने बसवायच्या उंचीपर्यंत दाबा. काट्यावर येईल तो तिचा दाब. बारा स्प्रिंगांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले की थकलेली लगेच कळते.

शिमची हद्द कुठे? व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. सोपे आकडे घेऊ. बसवलेली उंची ४८, लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडतो तेवढं अंतर) ११, उरले ३७. व्हाइसमध्ये पूर्ण दाबून स्प्रिंग ३४ ची होते, म्हणजे जागा ३ मिलिमीटर. एक मिलिमीटरची शिम टाकली तर २ राहतात, चालेल. दोन टाकल्या तर १ राहतो, आणि मी दीडच्या खाली कधी जात नाही. वेटोळी टेकली तर पुशरॉड वाकतो किंवा रॉकर तुटतो. जड स्प्रिंग सहसा जाड तारेची असते, तिची दाबलेली उंचीही जास्त, म्हणून जड स्प्रिंगखाली दोन शिम म्हटल्यावर मला धडकी भरते. शिवाय या इंजिनाचे टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधले तुकडे) चपटे, कॅमवर घासत चालतात. गरजेपेक्षा जास्त दाब दिला तर कॅमची नाकं झिजतात, आणि तो खर्च स्प्रिंगांच्या कितीतरी पट.

शिम कडक पोलादाचीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला वॉशर दबतो, तुटतो.

सगळं बसवल्यावर थंड इंजिनावर टॅपेटची फट लावा: इनलेट ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. जड स्प्रिंगा टाकायच्याच असतील तर त्या आधी नाही, मापाप्रमाणे शिम घालून एक खेप करून आल्यावर. कसाऱ्याला गिअर वरूनच खालचा घ्या आणि आरपीएमचा काटा लाल पट्टीत जायच्या आत पायाचा ब्रेक लावा. टकटक त्यानंतरही राहिली तर मॅनिफोल्डला गेज लावून एक्झॉस्ट ब्रेकचा दाब बघा, आणि तो आकडा व वहीतली बारा मापं मला पाठवा. कोणती स्प्रिंग घ्यायची ते मग ठरवू.