जुनं मेडलिस्ट हाती आलं तर

पहिलं फ्लुगर मेडलिस्ट, म्हणजे फ्लाय फिशिंगच्या रॉडवर (गळाच्या काठीवर) बसणारं दोरी गुंडाळायचं रीळ मिळालं, छान झालं! पण लगेच स्क्रूड्रायव्हर उचलू नका. आधी शिक्के वाचा. ‘ॲक्रन’ दिसलं तर ते ओहायोतल्या मूळ कारखान्यातलं. पुढची रिळं दुसरीकडे बनली. मॉडेल क्रमांक 1494 म्हणजे सव्वातीन इंच व्यासाचं, 1495 त्याहून मोठं. मग रॉडवर बसतो तो पाय बघा. आधीच्या मालकाने आपल्या रॉडला बसावं म्हणून पुष्कळदा तो कानशीने घासलेला असतो. मासेमारीला काही अडत नाही, किंमत मात्र उतरते.

डाव्या हाताने गुंडाळायचंय? खुशाल बदला, हे पुन्हा पूर्ववत करता येतं. लाइन गार्ड (दोरी चौकटीवर घासू नये म्हणून असलेला तुकडा) दुसऱ्या बाजूला लावायचा आणि दात्यांवर टकटक करणारा आतला खटका पालथा करायचा. स्क्रू हलत नसेल तर तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. मी घाई केली, स्क्रूची खाच गुळगुळीत झाली आणि शेवटी तो ड्रिलने काढावा लागला. अजून हळहळ वाटते.

पळत्या माशाला हाताने दाबून आवरता यावं म्हणून चौकट कापून स्पूलची, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या फिरत्या भागाची, कड तळहाताखाली उघडी करतात, ते मात्र ॲक्रनच्या रिळावर कृपा करून नको. त्यासाठी नंतरचं, घासलेल्या पायाचं एखादं स्वस्तात शोधा.