मुलींच्या हॉस्टेलच्या नव्यानेच रेक्टर झालात? आधी एवढंच बघा

मॅडम, अभिनंदन! पहिला महिना नियमावलीत घालवू नका. मुलींची नावं पाठ करा आणि रात्री मेसमध्येच जेवायला बसा. ताट न घेता चहा-बिस्किटांवर भागवणारी मुलगी तिथेच दिसते; ऑफिसात ती स्वतःहून येणार नाही.

नवे रेक्टर हमखास चुकतात ते इथे:

- मुलगी उशिरा आली की थेट घरी फोन. आधी तिच्याशी बोला.
- सीनियर मुलींची 'ओळख परेड' गंमत समजून सोडून देणं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन क्रमांक जिन्यापाशी ठळक लावा.
- समुपदेशकही आपणच होणं. रडणं, झोप उडणं लांबलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

कमिट्या, गॅदरिंग, बजेट दिवाळीनंतर बघू. गीझर बिघडला तर मात्र त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा.